आक्कांच्या रानातली येळवस

परवा सकाळी भाजी आणायला उमरग्याच्या बाजारात गेले, तर गाड्यांवर सगळीकडं तुरीच्या ओल्या शेंगांचे ढीग. शेजारी वाल, ओले वाटाणे, हरभऱ्याचे डहाळे, पातीचा कांदा. भाजीवाली म्हणाली, "सिस्टर, भज्जीचं समदं हितंच घ्या की. येळवस आली." मी मेथीची एक जुडी घेतली आणि घरी आले. जिना चढून वर आले, पिशवी ओट्यावर टाकली, खुर्चीत बसले ती उठलेच नाही. आमचे हे पेपर वाचत होते. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "एवढीच भाजी?" म्हटलं, "मग तुम्ही जायचं होतं."

बाहेरच्या माणसाला येळवस म्हणजे काय ते सांगावं लागतं. पंचांगात तिला वेळ अमावास्या म्हणतात. त्या दिवशी आमच्या भागात कुणी घरात थांबत नाही, सगळे रानात. कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभी करायची, वरून शाल घालायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. सगळ्या शेंगा-डाळी एकत्र शिजवलेली भज्जी, ज्वारी-बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, तिळाच्या भाकरी, गव्हाची खीर आणि मडकंभर आंबट ताकातलं अंबिल. ज्याला रान नाही त्याला रानवाल्यानं आग्रह करून न्यायचं. उमरग्याच्या पेठेत त्या दिवशी चहासुद्धा मिळत नाही. हायवेवरचे ट्रक तेवढे हैदराबादच्या दिशेनं पळत असतात, त्यांना कुणाच्या सणाचं काय पडलंय.

मागच्या वर्षाआधी हा दिवस मला कधी बाजारात कळला नव्हता. तो फोनवर कळायचा. माझ्या मोठ्या जाऊबाई, आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो, आठ दिवस आधीपासून सुरू व्हायच्या. "सुमन, अंबिलाचं ताक लावलंय बग. ह्या खेपंला लवकर या. तुझं ते दवाखान्याचं निमित्त आता सांगू नगंस."

दवाखान्याचं निमित्त मी आयुष्यभर सांगत आले, आणि ते खरंच होतं. मी नर्स होते. काही वर्षं परंड्याकडं काढली, मग बदल्या होत होत उमरग्याला आले. येळवस म्हणून बाळंतपण थांबत नाही. कितीदा तरी असं झालं की ड्यूटी संपवून मी एसटीनं फाट्यावर उतरले आणि बांधाबांधानं चालत रानात पोचले तेव्हा ऊन उतरलेलं, पोरं बोरं खाऊन पेंगलेली, पुरुष घोंगडीवर आडवे. आक्का मात्र माझं ताट धरून बसलेल्या असायच्या. स्वतः जेवलेल्या नसायच्या. मी रागवायचे, "कशाला थांबलात?" तर म्हणायच्या, "गप जेव. एकटीनं बसून उंडा गिळत न्हाय मला."

रिटायर झाले तेव्हा जो तो म्हणाला, "आता निवांत." ह्या निवांत शब्दाचा मला राग येतो. निवांत कुठं असतं ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही. सकाळी गोळ्या. गोळ्यांसाठी नाश्ता. मग शेजारच्या बाई बीपी मोजायला येतात, कारण दवाखान्यात रांग असते आणि मला काय काम असतंय. खालच्या मजल्यावरच्या सुनेला दिवस गेलेत, तिची सासू सोनोग्राफीचे कागद घेऊन वर येते. यांचं वेगळंच. यांची सगळी नोकरी एसटीच्या डेपोत कंट्रोलर म्हणून गेली, त्यामुळं घरातसुद्धा सगळं वेळापत्रकावर लागतं. चहा पाच मिनिटं उशिरा झाला की घड्याळाकडं बघतात. बोलत नाहीत, नुसतं बघतात. बोलले असते तर बरं झालं असतं, मलाही बोलता आलं असतं.

आणि बातम्या. म्हातारपणी माणूस बातम्यांवरच जगतो हे मला आधी माहीत नव्हतं. मुलगा हैदराबादला, रविवारी व्हिडिओ कॉल करतो. "आई, जेवलीस का?" "जेवले. तू?" "जेवलो." मग फोन नातवाच्या हातात जातो आणि नातवापेक्षा त्यांच्या छताचा पंखाच जास्त दिसतो. घराण्याचा एक ग्रुप आहे. त्यावर सकाळी फुलं येतात. कुणाचा वाढदिवस असला तरी जोडलेले हात आणि कुणी वारलं तरी तेच जोडलेले हात. पोरीचं लग्न मोडलं, भावाभावांनी तोंड बघायचं सोडलं, कुणाला नोकरीवरून काढलं, ह्यातलं काही तिथं येत नाही.

ते सगळं आक्कांकडं असायचं. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलता सुरेश पुण्याला, आणि आक्का रानातल्या घरात बब्रुवान गड्याच्या मदतीनं सगळं बघत. धार काढून, दूध घालून झालं की त्यांचा फोन. मी पोळ्या करत असायची. फोन स्पीकरवर ठेवून डब्याला टेकवायचा आणि ऐकायचं. त्यांचा एक क्रम होता. आधी जनावरं, मग पाणी, मग माणसं. "कपिलेला कालवड झाली. हिरीचं पानी बरं हाय अजून. आत्याबाईच्या नातीला बगायला पाव्हणे आल्ते, पोरगं चांगलंय पर आई लई तोऱ्यात बोलत हुती. मला न्हाय पटली." आणि मग आवाज खाली आणून, "आन् तुकाराम गेला बग आपला. पाटंचं." मरणाची बातमी त्या नेहमी शेवटी द्यायच्या. मी एकदा विचारलं, "आधी का सांगत नाही?" तर म्हणाल्या, "आदी सांगितलं तर कालवडीचं कोन ऐकंल?"

खरं सांगते, मला त्या फोनचा कंटाळा यायचा. पोळी करपायची. "ठेवते आक्का, दूध उतू चाललंय," असं खोटं खोटं म्हणायची. त्यांना कळायचं. "जा, जा, तुझं दूध सांबाळ," म्हणून हसत फोन ठेवायच्या. माझं दूध दिवसातून इतक्यांदा उतू कसं जातं, असं त्यांनी कधी विचारलं नाही.

मागच्या वर्षी दसरा झाला आणि एका सकाळी फोन आला नाही. पोळ्या झाल्या, ओटा पुसला, तरी नाही. मग बब्रुवानचा आला. "बाई, आक्का गोठ्यात पडल्यात. तोंड वाकडं झालंय." मी यांना म्हटलं, गाडी काढा. मला माहीत होतं काय झालंय. लकवा मी आयुष्यभर बघितला होता.

उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जीव वाचला. सोलापुरात काही दिवस ठेवलं, मग आक्कांना घरी आणलं, रानातल्या घरी. सुरेश आणि त्याची बायको पल्लवी येऊन राहिले, रजा संपली, गेले, पुन्हा आले. मध्ये कोण? काकू आहेत की. काकू सिस्टरच होत्या. त्यात कुणाची चूक नाही, मीच पुढं झाले होते. आंघोळ घालायची, कुशी बदलायची, हाताला व्यायाम द्यायचा, पेज भरवायची, लुगडं बदलायचं. रोज सकाळी हे मला स्कूटरवर सोडायचे आणि दिवेलागणीला न्यायला यायचे. थंडी पडली तशी माझी गुडघेदुखी उठली. संध्याकाळी घरी आले की चप्पल काढायला वाकवत नव्हतं. मुलगा फोनवर म्हणायचा, "आई, तू किती करणार?" मी म्हणायची, "मग कोण करणार?" आणि फोन ठेवल्यावर तोच प्रश्न स्वतःला विचारायची. थकले होते. शरीर थकलं होतं हे तर झालंच, पण एवढी वर्षं लोकांच्या खाटांशेजारी उभी राहून मी आतून संपत आले होते आणि आता पुन्हा खाट.

आक्का सगळ्याला मान हलवायच्या. पेज देऊ? मान खाली-वर. झोपायचं? मान खाली-वर. लकवा झालेली पुष्कळ माणसं असं करतात. प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडाकडं बघतात आणि हो म्हणतात, त्याला बरं वाटावं म्हणून म्हणा किंवा दुसरं काही जमत नाही म्हणून म्हणा. सुरेशनं येळवशीच्या आधी एक दिवस विचारलं, "आई, पुण्याला चलतीस ना माझ्याकडं? कायमचं?" आक्कांनी मान हलवली. सुरेश माझ्याकडं वळून म्हणाला, "बघा काकू. तयार आहे ती." मी काही बोलले नाही. आक्का पुण्याला दोन दिवसांच्या वर कधी राहिल्या नव्हत्या. चौथ्या मजल्यावर पायाला माती लागत न्हाय, म्हणायच्या. पण मी सुरेशला अडवलं असतं, तर त्याचा अर्थ एकच होता. आक्का इथं राहणार आणि मी रोज स्कूटरवर येणार. किती वर्षं, ते कुणी सांगावं?

म्हणून मी गप्प बसले, आणि येळवस आली.

पल्लवी म्हणत होती की ह्या वर्षी नको, कोण करणार एवढं. हे म्हणाले, "वहिनींच्या रानात येळवस चुकली नाही अजून." आक्का लग्न होऊन आल्या तेव्हा हे चौथीत होते. शाळेत जाताना त्यांचा भांग आक्काच पाडायच्या. तेव्हा मी काय बोलणार? भज्जी मी केली, अंबिल मी केलं. पल्लवीनं उंडे वळले. मोठे-लहान झाले, पण मनापासून वळत होती बिचारी. आक्कांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खोपीशेजारी ठेवलं. नवं लुगडं नेसवलं, अंगावर शाल घातली. ज्वारी पोटऱ्यात आली होती, कणसं बाहेर पडायच्या बेतात. वारा गार आणि ऊन कडक, ह्या दिवसात असतं तसंच.

पूजा झाली. मग रानाला फेरी. पुढच्यानं अंबिलाचं मडकं घ्यायचं, पानानं शिंपडत सगळ्या रानाच्या कडेनं जायचं आणि मागच्यांनी ओरडायचं, "ओलगे ओलगे, सालम पोलगे!" शब्द कानडी वळणाचे आहेत, नेमका अर्थ विचारला तर जो तो वेगळा सांगतो. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या येळवशीला मी शिकलेली म्हणून लाजत पुटपुटत होते, तर आक्कांनी मागून चिमटा काढला होता. "वरडून म्हन की गं! रानाला ऐकू जाऊ दे." सगळ्यात मोठ्यानं त्याच ओरडायच्या. मडकं भाऊजींकडं असायचं, ते गेल्यावर आक्कांनी स्वतः घेतलं. बाईनं मडकं धरलं म्हणून भावकीत कुणी कुजबुजलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "रानाला मीच राबते, मग शिपडाया दुसरा कोन यील?"

मागच्या वर्षी मडकं सुरेशनं घेतलं. मागं हे, पल्लवी, बब्रुवान. मी आक्कांजवळ थांबले. जमिनीवर घोंगडीवर बसले, पाय लांब केले. फेरी ज्वारीच्या कडेनं गेली, हरभऱ्याला वळसा घातला, विहिरीशी आली. विहिरीमागं एक अरुंद पट्टी आहे, करडईची. करडई म्हणजे नुसते काटे. आक्का तिच्यात शिरताना पायाला जुनं लुगडं गुंडाळायच्या आणि मलाही गुंडाळायला लावायच्या. सुरेशच्या अंगात ट्रॅकपँट. तो विहिरीशी थांबला, काट्यांकडं बघितलं आणि अलीकडूनच वळला. बाकीचे ओरडत त्याच्या मागं वळले.

तेवढ्यात खुर्ची वाजायला लागली. आक्का डाव्या हातानं खुर्चीचा हात आपटत होत्या. तोंडातून आवाज येत होता, घोगरा, न जुळणारा. मला वाटलं दुखतंय कुठं. लघवी? पाणी? त्यांनी मान आडवी हलवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी ती मान आडवी हललेली बघितली. डावा हात लांब करून त्या दाखवत होत्या, विहिरीच्या पलीकडं. सगळे पळत आले. सुरेश घाबरला, "काय होतंय आईला? दवाखान्यात न्यायचं का?" मी म्हटलं, "काही होत नाही. तुझी पट्टी राहिली."

"कुठली पट्टी?"

"करडईची. मागं फीर आणि शिंपडून ये."

तो गेला. काट्यांतून कसाबसा, उड्या मारत. हे मागून ओरडत होते, एकटेच, आवाज फाटेपर्यंत. आक्कांनी हात खाली घेतला आणि मान मागं टेकवली. मी त्यांच्याकडं बघत राहिले. म्हणजे ह्या बाईला सगळं कळतंय. कोण कुठनं वळलं ते कळतंय. मग पुण्याचंही कळलंय. आणि मी ते कळून न कळल्यासारखं केलं होतं, कारण ते मला सोयीचं होतं.

आता गप्प राहणं शक्य नव्हतं. सुरेश परत आला, पायाचे काटे काढत बसला. मी म्हटलं, "सुरेश, तू आईला जे विचारलंस ते पुन्हा विचारायचंय. असं मान हलवून नाही." मी उठायला लागले. उठवेना. खुर्चीला धरून, एक हात जमिनीवर टेकवून उठले तेव्हा गुडघ्यातून अशी कळ गेली की तोंडातून "आई गं" निघालंच. पल्लवीनं दंडाला धरलं. मी आक्कांच्या एका बाजूला उभी राहिले, सुरेशला दुसऱ्या बाजूला उभं केलं आणि म्हटलं, "आक्का, तुम्हाला सगळं कळतं, मला माहीत आहे. इथं रानात राहायचं असेल तर माझा हात धरा. मी येत जाईन रोज, येते तशी. पुण्याला जायचं असेल तर सुरेशचा धरा. कुणाला वाईट वाटेल ते बघू नका."

बब्रुवान बैलाला सोडून जवळ आला.

आक्कांनी आधी रानाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडं. त्यांचा डावा हात उचलला गेला आणि माझ्याकडं आला. मी हात पुढं केला. पण तो हात माझ्या हातात आला नाही, खाली माझ्या गुडघ्यावर आला, दुखऱ्या, आणि तिथं जरा वेळ तसाच राहिला. बोटं गार होती. मग त्यांनी तो उचलला आणि सुरेशच्या हातात दिला.

सुरेशच्या डोळ्यांना धारा लागल्या. "बघितलंत काकू? यायचंय तिला. मी म्हणतच होतो." पल्लवी पण रडत होती, खुशीनं. हे वळून विहिरीकडं तोंड करून उभे राहिले. त्यांच्या वहिनी त्यांना कळत होत्या.

आता आक्का पुण्याला आहेत. बरं चाललंय. व्यायाम घ्यायला एक मुलगी येते, थोडं चालवते. शब्द आलेले नाहीत, आणि आता येतील असं मला वाटत नाही, पण ते मी सुरेशला सांगत नाही. त्यानं विचारलेलंही नाही. बब्रुवान रान बटईनं, निम्म्या वाट्यावर करतो. ह्या वर्षी येळवशीला त्यानं बोलावलं आहे. जायचं की नाही, असं यांचं दोनदा विचारून झालं. मी म्हटलं, बघू.

मी दुपारी झोपते हल्ली. खरंच झोप लागते, गाढ. गुडघे पुष्कळ बरे आहेत. शेजारच्या बाई म्हणतात, "सिस्टर, तब्येत सुधारली हो तुमची," आणि ते खरं आहे. कुणाला सांगायचं ते मला कळत नाही, म्हणून इथं लिहिते. त्या दिवशी आक्कांचा हात सुरेशच्या हातात गेला आणि माझा हात तसाच पुढं केलेला राहिला, तेव्हा मला रडू यायला हवं होतं. नंतर आलं, पुष्कळ आलं. पण त्या क्षणाला मनात एकच शब्द उमटला, सुटले, आणि अंगातून सगळा ताण उतरला, खांदे खाली आले, श्वास मोकळा झाला. इतकं उघड की कुणालाही दिसलं असतं. बाकीचे सगळे रडण्यात होते. आक्का माझ्याकडं बघत होत्या.